दारातला फळा आणि अहवालातलं येणे व्याज

कोल्हापुरात राजारामपुरीतली कुठलीही गल्ली घ्या, लक्ष्मीपुरी घ्या, नाहीतर गडहिंग्लजचा बाजार. पतसंस्थेच्या दारात एक फळा असतोच. एक वर्षाला अमुक दर, तेरा महिन्यांना तमुक, ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा, दामदुप्पट इतक्या महिन्यांत. लोक फळा वाचतात, दोन दारं पुढं जाऊन दुसरा वाचतात आणि पाव टक्का जिथं जास्त तिथं ठेव ठेवून मोकळे होतात. हे व्याज कुठनं येणार ते मात्र फळ्यावर नसतं. ते येतं संस्थेनं वाटलेल्या कर्जातनं. म्हणून ठेव ठेवणाऱ्यानं आधी कर्जाची बाजू बघावी, आणि ती कशी बघायची हेच आज लिहितोय. कर्ज घेणाऱ्याला काय बघायचं ते पुढं येईलच.

आधी पाटी नीट वाचा. 'अर्बन बँक' आणि 'अर्बन पतसंस्था' दुरून सारख्याच दिसतात, पण ठेवीच्या विम्याच्या बाबतीत फरक जमीन-अस्मानाचा. बँक बंद पडली तर ठेव विमा महामंडळ दर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत देतं. 4 फेब्रुवारी 2020 पासून ही मर्यादा आहे, आधी 1 लाख होती. सहकारी बँकांना हे लागू आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवानाही नसतो. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली होते आणि देखरेख सहकार खात्याची असते: तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक.

कोल्हापुरात आणखी एक गुंता आहे. निपाणी तासाभरावर, त्यामुळं सीमेच्या दोन्ही बाजूंना शाखा असलेल्या मल्टिस्टेट संस्थाही इथं भेटतात. त्या 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि त्यांचा निबंधक दिल्लीत बसतो. अशा संस्थेची तक्रार घेऊन जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरीत गेलात तर हेलपाटाच पदरी पडतो. 2023 च्या दुरुस्तीनं मल्टिस्टेटच्या सभासदांसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे, दाद तिकडं मागायची. संस्था कुठल्या कायद्यातली हे ओळखायला पासबुकावरचा नोंदणी क्रमांक पुरतो. त्यात 'एमएससीएस' अशी अक्षरं असली की केंद्रीय.

पतसंस्था सभासदांचा पैसा घेते आणि सभासदांनाच कर्ज देते. म्हणून खातं उघडताना सभासदत्वाचा अर्ज भरावाच लागतो. इथं विचारायचं एकच: मला नियमित सभासद करताय की नाममात्र? नाममात्र सभासदाला मत नाही आणि लाभांशही नाही. नियमित सभासदाला शेअर्स कितीही असोत, मत एकच. लाभांशाला कायद्यानं 15 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

सभासद झालात की सहकारी संस्था अधिनियमाचं कलम 32 तुमच्या हातात येतं. शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, उपविधी (म्हणजे संस्थेचे स्वतःचे नियम), सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, संचालकांची यादी, हे कचेरीच्या वेळेत फुकट बघता येतं. फी भरली तर नकला महिन्याभरात द्याव्या लागतात. बहुतेकांचा या कागदांशी संबंध वार्षिक अहवाल घरी आला की त्यावर चपात्या झाकण्यापुरता. तोच अहवाल वीस मिनिटं वाचला तर फळ्यापेक्षा बरंच जास्त कळतं.

अहवाल मागच्या बाजूनं उघडा. मनोगत, सत्काराचे फोटो, कार्यक्रम सोडून द्या. लेखापरीक्षण वर्ग बघा: अ, ब, क की ड. वर्ग 'अ' असला म्हणून तिथंच थांबू नका, तीन वर्षांचा बघा. दोन वर्षं 'अ' आणि यंदा 'ब' असेल तर का ते विचारायचा हक्क आहे. मग ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला 'येणे व्याज' नावाची ओळ शोधा. लावलेलं पण अजून हातात न आलेलं व्याज म्हणजे येणे व्याज. समजा कर्जं 20 कोटींवरून 22 कोटी झाली, म्हणजे 10 टक्के वाढ. येणे व्याज मात्र 80 लाखांवरून 1 कोटी 40 लाखांवर गेलं, म्हणजे 75 टक्के. याचा अर्थ हप्ते येत नाहीत आणि व्याज नुसतं कागदावर चढतंय. समोरच्या बाजूला 'थकीत व्याज तरतूद' त्याच मानानं वाढली असेल तर निदान नफा फुगवलेला नाही. तरतूद जिथल्या तिथं असेल तर सभेत जाहीर झालेल्या नफ्यात न आलेला पैसाही धरलाय.

आता 'नवं-जुनं'. हा शब्द कोल्हापूरच्या कुठल्याही कर्ज विभागात रोज वापरला जातो. कर्ज थकलं, मार्चअखेर आला, थकबाकीचा आकडा अहवालात दिसायला नको. मग त्याच कर्जदाराला नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातनं जुनं व्याजासकट भरून घ्यायचं. 31 मार्चला खातं स्वच्छ. 1 एप्रिलला तोच माणूस, तीच म्हैस, कर्ज मात्र वाढलेलं. ताळेबंदात हे थेट दिसत नाही, पण खूण सापडते: थकबाकीचं प्रमाण दरवर्षी कमी होतंय, कर्जाचा आकडा मार्चमध्येच उडी मारतोय आणि रोख व बँकेतली शिल्लक मात्र वाढत नाही. तशी संस्था फळ्यावर पाऊण टक्का जास्त देत असेल तर तो का देतेय हे उघड आहे. तिला जुन्या ठेवी परत करायला नव्या ठेवी हव्यात.

आणखी दोन आकडे. ठेवींच्या मानानं कर्ज किती? 40 कोटींच्या ठेवी आणि 38 कोटींचं कर्ज असेल तर ऐनवेळी ठेव परत करायला संस्थेकडं उरतं काय? भाग भांडवल आणि राखीव निधीतनं काही कर्ज दिलेलं असतं हे खरं, तरी ठेवींच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास कर्ज असलेली संस्था मला बरी वाटते. आणि 'संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडील येणे' ही ओळ. ती अहवालात असते, बहुधा छोट्या अक्षरात. सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला लागते. आपल्याकडच्या सभा 'मंजूर मंजूर' आणि 'नामंजूर नामंजूर'च्या गोंधळात पाच मिनिटांत उरकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रश्न सभेआधी लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

पगारदार पतसंस्थांचं दुखणं वेगळं आणि हलकं. शिक्षक, एसटी, जिल्हा परिषद अशा ठिकाणी त्याच अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणं हप्ता पगारातनंच कापला जातो, त्यामुळं थकबाकी फारशी होत नाही. तिथं प्रश्न येतो तो निवृत्ती जवळ आलेल्या माणसाला दिलेल्या लांब मुदतीच्या कर्जाचा.

ठेवींत सगळ्यात जास्त घोळ पिग्मीत, म्हणजे एजंटाकडं रोज थोडे थोडे पैसे भरायच्या ठेवीत होतो. पिग्मी मूळची उडुपीची. पुढं सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेनं 1928 साली ती सुरू केली. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला ती सोयीची, कारण गल्ल्यातले शंभर रुपये घेऊन जायला माणूस दारात येतो. त्या माणसाचं कमिशन मात्र कुठनंतरी निघायला पाहिजे, म्हणून पिग्मीचा व्याजदर कमी असतो आणि मुदतीआधी मोडली तर उलट कपात होते. रोज 100 रुपयांप्रमाणं 150 दिवस भरले, जमा 15,000. नियम 3 टक्के कपातीचा असेल तर हातात 14,550. बचत करून 450 रुपये गेले. किती महिन्यांच्या आत मोडली तर कपात, हे खातं उघडतानाच उपविधीत किंवा अर्जाच्या मागं वाचून घ्या.

दुसरा धोका जास्त मोठा. एजंटानं पैसे घेतले, तुमच्या कार्डावर सही केली आणि संस्थेत भरलेच नाहीत. आता यंत्रावर पावती निघते, मोबाईलवर संदेश येतो. संदेश आला नाही तर 'सर्व्हर डाऊन हाय' हे उत्तर एक दिवस चालतं, तीन दिवस नाही. महिन्यातनं एकदा स्वतः काऊंटरवर जाऊन संस्थेच्या संगणकातली शिल्लक आपल्या पावत्यांशी ताडून बघावी. पैसे काढायचा कोरा फॉर्म सही करून एजंटाकडं कधीच ठेवू नये. 'तुमचा हेलपाटा वाचतो' म्हणून तो मागतो आणि माणसं देतात.

आवर्त ठेवीचं गणित मात्र सरळ आहे. महिना 1,000 रुपये, दर 8 टक्के, सरळ व्याज: पहिला हप्ता 12 महिने राहतो, शेवटचा 1 महिना, बेरीज 78. 1,000 गुणिले 78, भागिले 12, त्याचे 8 टक्के म्हणजे 520. वर्षाअखेर 12,520. कोणी '12,000 वर 8 टक्के म्हणजे 960' असं सांगत असेल तर त्याला दर कळलेला नाही.

मुदत ठेव अडीनडीला मोडण्याआधी ठेव तारण कर्जाचा हिशेब करा. समजा 2 लाख एका वर्षासाठी 8.5 टक्क्यांनी ठेवलेत, नऊ महिने झालेत आणि 50,000 ची गरज आहे. मुदतपूर्व मोडल्यावर दर 5.5 टक्के मिळणार असेल तर नऊ महिन्यांचं व्याज 12,750 ऐवजी 8,250, म्हणजे 4,500 चा फटका. तेच 50,000 तीन महिन्यांसाठी 10.5 टक्क्यांनी ठेव तारण घेतले तर व्याज 1,312. याला जामीन लागत नाही, पावती संस्थेकडं जमा करून बहुधा त्याच दिवशी पैसे मिळतात.

किरकोळ वाटणाऱ्या पण अडवणाऱ्या गोष्टी: ठेवीचं आणि शेअर्सचं वारसनामांकन वेगवेगळं असतं, दोन्ही भरा. 20,000 किंवा त्यावरची ठेव रोखीत देऊ-घेऊ नये, आयकर कायद्याला ते चालत नाही. चेकनं किंवा खात्यातनं. आणि संस्थेनं टीडीएस कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झालं असं नाही, ते विवरणपत्रात दाखवावंच लागतं.

कर्जाकडं वळू. पहिला प्रश्न: दर घटत्या शिलकीवर की मूळ रकमेवर? 1 लाख, 36 महिने, 12 टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे 3,321 आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजार. तोच 12 टक्के सरळ मूळ रकमेवर लावला तर व्याज 36,000 आणि हप्ता 3,778. हा दर घटत्या शिलकीत मोजला तर 21 टक्क्यांच्या वर जातो. फळ्यावर दोन्ही '12 टक्के'च.

त्यात शेअर्सची कपात येते. 1 लाख मंजूर झालं आणि उपविधीत कर्जाच्या 5 टक्के शेअर्सची अट असेल तर 5,000 तिथंच वळते होतात. शिवाय प्रोसेसिंग, मुद्रांक, विमा. हातात 93 हजार पडतात आणि व्याज 1 लाखावर सुरू होतं. शेअर्सचे पैसे कर्ज फिटल्यावर राजीनामा देऊन परत मागता येतात, पण संस्थेनं एका वर्षात किती भांडवल परत करायचं याला मर्यादा असल्यानं लगेच मिळतीलच असं नाही. गरज नेमकी 1 लाखाची असेल तर अर्ज किती रकमेचा करायचा हे आधी ठरवा.

हप्ता तुमचा पैसा ज्या लयीत येतो त्या लयीत बांधून घ्या. म्हशीसाठी कर्ज असेल तर गावच्या दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी निघतं. दूध संस्थेनं कपातीचं हमीपत्र दिलं की पतसंस्था तशा छोट्या हप्त्यांना तयार होते. म्हैस भाकड गेल्यावर काय, हे मात्र त्याच दिवशी बोलून घ्यावं. उसावर अवलंबून असलेल्यानं मासिक हप्ता घेऊच नये. ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव द्यावा असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो. बिल प्रत्यक्षात कधी पडतं ते शिरोळ-कागलच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागा आणि तारीख बिलाच्या अंदाजाच्या महिनाभर पुढची ठेवा.

उशीर झाला की भरलेले पैसे आधी दंडव्याजात आणि खर्चात, मग व्याजात आणि उरले तर मुद्दलात जातात. 1 लाख शिल्लक, दर 14 टक्के, महिन्याचं व्याज 1,167. 'काहीतरी भरतोय की' म्हणून महिना 1,000 भरणाऱ्याचं मुद्दल एका रुपयानं कमी होत नाही, कर्ज वाढतच जातं. दंडव्याज थकलेल्या हप्त्यावर लागतं की पूर्ण शिलकीवर, ही ओळ कर्जरोख्यात बोट ठेवून वाचा.

सोनं तारण कर्ज लवकर मिळतं, पण आपल्याकडच्या दागिन्यांत वजनाचा घोळ असतो. साज, लाखेवरची बोरमाळ, ठुशी यांत लाख, दोरा, खडे आले. काट्यावर 42 ग्रॅम भरलेल्या दागिन्यातनं सराफ 12 ग्रॅम लाख-दोऱ्याचे वजा करतो, उरले 30. कस 20 कॅरट निघाला तर शुद्ध सोनं 25 ग्रॅम. त्याच्या 75 टक्के कर्ज म्हणजे पावणेएकोणीस ग्रॅमची किंमत. घरातनं निघताना 42 ग्रॅमचा हिशेब केलेला असतो, म्हणून 'सराफानं मारलं' असं वाटतं. पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, कस, नगांची संख्या आणि प्रत्येक नगाचं वर्णन, खड्यांची संख्यासुद्धा, लिहून घ्या. पाकीट तुमच्यासमोर सील व्हावं आणि सीलवर तुमची सही असावी. सोडवताना सील बघून, उघडून, पुन्हा वजन करून मगच पोच द्या.

वर्षभर व्याजच भरलं नाही तर 75 चे 13 टक्क्यांनी जवळपास 85 होतात. मग सोन्याचा भाव 15 टक्क्यांनी उतरला की येणं आणि दागिन्याची किंमत एकच होते आणि लिलावाची नोटीस येते. लिलावात येण्यापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचे पैसे तुमचे. ते लेखी अर्ज करून मागा. एक प्रश्न खास आपल्या शहराचा: तिजोरी कुठल्या मजल्यावर आहे आणि तारण सोन्याचा विमा आहे का? 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर पाण्यात होतं.

'पाव्हणं, नुसती सही पाहिजे, हप्ता मीच भरणार हाय.' जामीनदार बहुधा या एका वाक्यावर होतो. करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडं या, असं त्याला म्हणता येत नाही. संस्था सोपं गिऱ्हाईक आधी धरते, आणि सोपा म्हणजे नोकरदार जामीनदार. कलम 133 प्रमाणं त्याच्या संमतीवाचून अटी बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारातनं तो सुटतो, पण छापील रोख्यात बदलाला आधीच संमती लिहून घेतलेली असते. ते कलम शोधा. नवं-जुनं करताना पुन्हा सही मागायला आले तर सुटायची तीच वेळ आहे. नवी सही दिली की सगळं नव्यानं अंगावर. रोख्यात कर्जाची रक्कम, दर, मुदत या जागा कोऱ्या असतील तर सही करू नका. सही केलीच तर पूर्ण भरलेल्या रोख्याची प्रत घ्या आणि तीन महिन्यांनी एकदा कर्ज खात्याचा उतारा मागा.

थकल्यावर काय होतं ते माहीत असलं की निम्मी भीती जाते आणि नको तो निष्काळजीपणाही जातो. कोरे चेक दिलेले असतील तर संस्था एक भरते. तो परतला की 30 दिवसांत चेकच्या कायद्यातल्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम 138 ची नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस. दुसरी वाट सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 ची: संस्था निबंधकाकडं वसुली दाखल्याचा अर्ज करते, कर्जदार आणि जामीनदार दोघांना नोटीस येते. हिशेब चुकलाय, भरलेले पैसे धरलेले नाहीत, सही माझी नाही, हे म्हणायची जागा हीच. लोक नोटीस घेत नाहीत किंवा तारखेला जात नाहीत आणि दाखला निघतो. मग फेरतपासणीला जायचं तर कलम 154 प्रमाणं येणे रकमेच्या 50 टक्के आधी भरावे लागतात. दाखल्यानंतर विशेष वसुली अधिकारी कलम 156 आणि नियम 107 प्रमाणं जप्ती आणि लिलाव करू शकतो.

कर्ज फिटलं की पेढे वाटण्याआधी कागद गोळा करा. ना-देय दाखला, कोरे चेक, मूळ दस्त. गाडी असेल तर फॉर्म 35 वर संस्थेची सही घेऊन आरटीओतनं बोजा काढा. घरावर नोंदणीकृत गहाणखत असेल तर परतीचा दस्त करून मिळकत पत्रिकेवरची नोंद सिटी सर्व्हे कचेरीतनं कमी करून घ्या. शेतावर बोजा असेल तर दाखला तलाठ्याकडं द्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून 'इतर हक्क' रकान्यात संस्थेचं नाव राहिलंय का बघा. संस्था आपणहून हे करत नाही. जामीनदाराच्या सातबारावरही बोजा चढवला असेल तर त्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.